फायबरचा सबवूफर बॉक्स: तडा कुठून जातो आणि मजबुती कुठून येते

चेंबूरहून एकांनी विचारलं आहे. त्यांच्या हॅचबॅक गाडीच्या डिकीत डाव्या चाकाच्या कमानीमागचा कोपरा फुकट जात होता. तिथे त्यांनी स्वतः फायबरचा बॉक्स बनवला. १० इंची सबवूफर, एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) रिंग, तिच्यावर फ्लीसचं कापड ताणून रेझिन, बाहेरून काचेच्या तंतूंच्या मॅटचे दोन थर, मग लांबी (पुट्टी), घासकाम आणि रंग. दिसायला छान झाला. चार महिन्यांत रिंगच्या कडेने गोल तडा गेला आणि आवाज वाढवला की बॉक्सच भुणभुणायला लागतो. ओळखीच्या पेंटरने सल्ला दिला की आतून दोन किलो रेझिन ओता, बॉक्स गोल फिरवा, दगड होईल. ओतू का?

नका ओतू. कडक होईल हे खरं, पण नुसतं रेझिन कडक असलं तरी ठिसूळ असतं. काचेचे तंतू नसलेला रेझिनचा पातळ तुकडा हाताने मोडून बघा, वाकायच्या आधी तुटतो. तुमचा बॉक्स दोन किलोने जड होईल, त्याची आतली जागा दीड-दोन लिटरने घटेल आणि तडा पुन्हा त्याच जागी दिसेल. कारण तो रेझिन कमी पडल्यामुळे गेलेला नाही. त्या जागी काचच नव्हती.

कशी ते सांगतो. तुम्ही मॅट बाहेरून लावलीत. रिंगपाशी ती उंचवटा करते म्हणून तिथे कड पातळ केलीत, मग लांबी भरून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलंत. गुळगुळीत करण्याच्या नादात रिंगच्या भोवतीच्या दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यातली बहुतेक काच भुकटी होऊन उडून गेली. उरलं काय, तर रेझिन प्यायलेलं फ्लीस आणि वर लांबी. सगळा हादरा नेमका त्याच पट्ट्यातून जातो.

किती हादरा, याचा हिशेब एकदा केला की पुढचं सगळं पटतं. १० इंची वूफरच्या कोनचं कामाचं क्षेत्रफळ साधारण ३४० चौरस सेंटिमीटर धरा. कोन १० मिलिमीटर आत आला की सुमारे ०.३४ लिटर हवा दाबली जाते. २० लिटरच्या बंद बॉक्समध्ये त्यामुळे दाब वाढतो तो २.४ किलोपास्कलच्या आसपास. आकडा फुटकळ वाटतो. पण ३० बाय ४० सेंटिमीटरच्या भिंतीवर तोच दाब जवळजवळ २९ किलो वजनाइतका जोर लावतो. आणि ४० हर्ट्झचा सूर चालू असेल तर ही भिंत सेकंदाला ४० वेळा बाहेर ढकलली जाते, ४० वेळा आत ओढली जाते. भिंत हलली की ती स्वतःच स्पीकर बनते आणि तुमच्या वूफरच्या विरोधात वाजते. तुम्ही म्हणता ती भुणभुण हीच.

आता फायबरबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज. लोकांना वाटतं फायबर म्हटलं की लाकडापेक्षा मजबूत. फुटण्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. वाकण्याच्या बाबतीत सपाट फायबर एमडीएफपुढे उभंही राहत नाही. मॅट आणि पॉलिएस्टर रेझिनच्या फायबरचा अंगभूत ताठपणा एमडीएफच्या साधारण दुप्पट असतो. पण पत्रा वाकण्याला किती विरोध करतो हे जाडीच्या घनावर ठरतं. १८ मिलिमीटरचं एमडीएफ ६ मिलिमीटरच्या फायबरच्या तिप्पट जाड, आणि तिनाचा घन २७. फायबरचा दुप्पट ताठपणा जमेस धरला तरी सपाट एमडीएफ सपाट फायबरपेक्षा तेरा पटींच्या आसपास ताठ निघतं. बरोबरी साधायची तर १४ मिलिमीटर फायबर लागेल. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर देतो, म्हणजे चौदा थर. असा बॉक्स कोणी बांधत नाही आणि बांधूही नये.

मग फायबर वापरायचं कशासाठी? गोलाईसाठी. सपाट पत्रा छपरावर टाकला तर मधोमध झोळ पडतो, तोच पत्रा पन्हाळी केला की माणूस त्यावर चालतो. जाडी तीच, पत्रा तोच. फायबरला दोन्ही दिशांनी बाक दिला की ५-६ मिलिमीटरमध्ये ते असं ताठ होतं की १८ मिलिमीटरच्या पेटीने मान खाली घालावी. म्हणून माझा नियम साधा आहे: जिथे सपाट तिथे प्लाय, जिथे गोल तिथे फायबर. बॉक्सचा तळ प्लायचा. वूफर बसतो तो तोंडाचा भाग प्लायचा. गाडीच्या पत्र्याला चिकटून जाणारी पाठ आणि समोरचं पोट, तेवढं फायबरचं.

प्लाय म्हणतो, एमडीएफ नाही, याला मुंबईची हवा कारण आहे. एमडीएफ रूटरखाली लोण्यासारखं चालतं हे मान्य, पण जुलैत डिकीचं रबर जरा गळालं की एमडीएफची कड फुगते, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या, १८ मिलिमीटर. दुकानदार आयएस ३०३ वाला साधा प्लाय ‘तोच आहे’ म्हणून देईल, शिक्का बघून घ्या. एमडीएफ घरात पडलंच असेल तर वापरा, पण कापलेल्या सगळ्या कडांना आधी पातळ रेझिन पाजा आणि सुकू द्या.

रिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण काम तिथेच जिंकलं किंवा हरलं जातं. रिंगची बाहेरची कड काटकोनात ठेवू नका. काचेची मॅट काटकोनात वळत नाही. ती वळणावर उचलली जाते, खाली हवेचा पोकळ पट्टा राहतो आणि तडा तिथून सुरू होतो. रूटरने किंवा नुसत्या रास्पने (लाकडाच्या खरखरीत कानशीने) कड किमान ८-१० मिलिमीटरच्या त्रिज्येने गोल करा. रिंगच्या मागच्या अंगाला, जिथे आतून काच चढणार आहे तिथे, करवतीने आडव्यातिडव्या खाचा पाडा आणि दर चारेक सेंटिमीटरवर ६ मिलिमीटरचं भोक मारा. रेझिन आणि काचेचे तंतू त्या भोकांत शिरून पकड घेतात. गुळगुळीत लाकडावर फायबर नुसतं चिकटलेलं असतं. खाचा पडल्या की ते अडकलेलं असतं, आणि हादऱ्याला अडकलेलंच टिकतं. वूफरचे स्क्रू थेट लाकडात मारू नका, मागून टी-नट (लाकडात रुतणारे दातेरी नट) ठोका. ते फ्लीस चढवायच्या आधीच, नंतर हात पोचत नाही.

रिंग उभी करताना ती तळाला किंवा पाठीला समांतर ठेवायचा मोह आवरा. ताणलेलं कापड आपोआप खोगिरासारखा दुहेरी बाक घेतं, पण रिंग आणि मागची कड समांतर आणि सरळ असल्या तर कापड तिथे सपाटच राहतं. रिंग दहा-पंधरा अंशांनी तिरकी केली की तेच कापड सगळीकडे बाक घेतं. दिसायलाही बरं, आणि ताठपणा फुकटात मिळतो. रिंगला आधार देणाऱ्या लाकडी काठ्या आत कायम राहू द्या. कितीतरी कारागीर काम झाल्यावर त्या काढून टाकतात. उलट पाठीच्या फायबरला त्या मॅटच्या पट्ट्यांनी बांधून टाका, त्याच तुमच्या आतल्या तणाव्या.

पाठ गाडीतच घ्यायची असते. डिकीचा गालिचा आणि अस्तर काढा, सगळ्या आतल्या भागावर आणि सीटवर प्लास्टिक पसरा. कोपऱ्यातल्या पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर एकमेकांना छेदून लावा, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल, त्यावर वॅक्स. मग मॅटचे दोनच थर. गाडीत दोनापेक्षा जास्त थर देऊ नयेत, उष्णता वाढते आणि वासही. हे कवच आवळलं (सुकून घट्ट झालं) की काढून उरलेले थर गाडीबाहेर द्या. टेप-फॉइलला चिकटलेलं कवच सुटताना कुरकुरतं, घाबरू नका, पण स्क्रूड्रायव्हर घालून उचकटूही नका. कडेने हळूहळू हात फिरवत सोडवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करणार असाल तर सेक्रेटरीला आधी सांगा. स्टायरीनचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो आणि मग बैठकीत तुमचा विषय निघतो. फ्लॅटमध्ये, बाल्कनीत, स्वयंपाकघराशेजारी तर मुळीच नाही. स्टायरीनची वाफ पेट घेते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खाली साठून राहते. गॅसची शेगडी, पाण्याचा गीझर, सिगारेट यांच्यापासून लांब.

सामानाचं म्हणाल तर २० लिटरच्या कोपरा-बॉक्सला फायबरचा पृष्ठभाग साधारण ०.६ चौरस मीटर होतो. ४५० ग्रॅमच्या मॅटचे सहा थर म्हणजे दीड किलोच्या वर काच. मॅट आपल्या वजनाच्या सव्वादोन-अडीच पट रेझिन पिते, म्हणजे चार किलो, आणि फ्लीस वेगळं पितं. दोन किलो मॅट, पाच किलो रेझिन घेतलंत की पुरतं. मस्जिद बंदरच्या केमिकलवाल्यांकडे साधं आयसो किंवा जनरल पर्पज पॉलिएस्टर मागा. कापड मंगलदास मार्केटला. तिथे ‘पोलर फ्लीस’ म्हटलं की कळतं. फ्लीस जाड नको, जितकं जाड तितकं जास्त रेझिन पिऊन बसतं आणि ते सगळं बिनकाचेचं रेझिन असतं. ताणणारी पातळ होजिअरी मला फ्लीसपेक्षा जास्त आवडते. ती नुसता आकार धरते, आणि कापडाचं काम तेवढंच. वूफर, वायर, टर्मिनल लॅमिंग्टन रोडला मिळतील, कुर्ल्याला सीएसटी रोडवरही मिळतील, त्यात मी पडत नाही.

एक सावधगिरी इथेच. आकार थर्मोकोलमध्ये कोरून त्यावर पॉलिएस्टर लावायचा विचार डोक्यात असेल तर सोडा. स्टायरीन थर्मोकोलला विरघळवून टाकतं, पाच मिनिटांत कोरलेल्या आकाराचा चिखल. पीयू फोम चालतो. थर्मोकोलच वापरायचं असेल तर इपॉक्सी घ्या. पण मग नेहमीची मॅट नको. मॅटमधले तंतू धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळावा अशा हिशेबाने बनवलेला असतो. इपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट कडक, पांढरी, न भिजलेली दिसते. इपॉक्सीबरोबर विणलेलं काचेचं कापड घ्यायचं.

रेझिन मिसळण्याची गोष्ट गंभीर आहे. आपल्याकडे सुटं मिळणारं रेझिन बरेचदा कोबाल्टशिवाय (रेझिन आवळण्याचा वेग वाढवणाऱ्या द्रवाशिवाय) असतं आणि दुकानदार कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या वेगळ्या देतो. हे दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, थेंबभरसुद्धा. भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट, नीट ढवळून रंग सारखा गुलाबी-जांभळट होईपर्यंत, आणि मग हार्डनर. दोन्हींची मापं, सिरिंज, काठ्या वेगळ्या. दोन्ही बाटल्या एका खोक्यातही ठेवू नका. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून गॉगल आधी, मग बाटलीचं झाकण. गेलाच तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं डोळा उघडा धरायचा आणि मग थेट हॉस्पिटल.

एका वेळी २५० ग्रॅमच्या वर मिसळू नका. हार्डनर एक ते दोन टक्के. २५० ग्रॅमला दीड टक्का म्हणजे पावणेचार ग्रॅम, सिरिंजने सव्वातीन ते साडेतीन मिली. मे महिन्यात दुपारी एक टक्क्याच्या जवळ राहा, जानेवारीत सकाळी दोनच्या. एकाच्या खाली मात्र उतरू नका. वेळ मिळतो म्हणून बरं वाटतं, पण रेझिन पूर्ण आवळत नाही आणि बॉक्स आयुष्यभर अर्धवट मऊ राहतो. पंधरा-वीस मिनिटांत ते मधासारखं घट्ट व्हायला लागलं की ते रेझिन सोडा, ब्रशने रेटू नका. डब्यात उरलेलं रेझिन तापतं, धूर काढतं. ते उघड्यावर ठेवा, कचऱ्यात टाकू नका.

पावसाळ्यात काम टाळता आलं तर टाळा. हवेत ८५ टक्क्यांच्या पुढे दमटपणा असला की मॅट ओल धरते, वरून दिसत नाही, पण रेझिन लावल्यावर ती पांढुरकी राहते आणि थर एकमेकांना धरत नाहीत. टाळता येत नसेल तर मॅट घट्ट प्लास्टिकमध्ये ठेवा आणि लावायच्या आधी तासभर हॅलोजनखाली वाळवा. रेझिन जवळपास नसताना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा खरा हंगाम.

थर द्यायचे ते आतून. बाहेरून फक्त एक, तोही घासायला माया म्हणून. कापडाला रेझिन लावून ते आवळलं की वूफरच्या भोकातून हात घालून आत काम करायचं. १० इंची वूफरला भोक साधारण २३ सेंटिमीटरचं असतं, हात कोपरापर्यंत आरामात जातो. मॅट कात्रीने कापू नका, फाडा. फाडलेली कड पुढच्या तुकड्यात मिसळून जाते, कात्रीची कड पायरीसारखी उभी राहते. तळहाताएवढे तुकडे, प्रत्येक शेजारच्यावर तीन-चार सेंटिमीटर चढलेला. आधी भिंतीला रेझिन, मग मॅट, मग ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. ओढलात तर तंतू ब्रशबरोबर येतात. मॅट पांढऱ्याची पारदर्शक झाली की भिजली. पांढरा ठिपका म्हणजे कोरडी जागा, चकचकीत बुडबुडा म्हणजे हवा. खाचांचा लहान रोलर फिरवून हवा बाहेर काढा. खाली रेझिनचं तळं साचत असेल तर ते ब्रशने उचलून घ्या. तयार फायबरच्या वजनात काच तीस टक्क्यांच्या आसपास असायला हवी. जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती हा समज सगळ्यात आधी डोक्यातून काढायचा.

रिंग आणि कापड मिळतात त्या आतल्या कोनात आधी मसाला भरून घ्या: रेझिन, त्यात मॅटचे कापलेले सेंटिमीटरभर लांबीचे तंतू आणि घट्टपणासाठी टाल्क पावडर. बोटाने फिरवून कोन गोल करा. तो ओला असतानाच त्यावर मॅटच्या पट्ट्या, निम्म्या रिंगच्या लाकडावर, निम्म्या भिंतीवर, दोन्हीकडे पाच-सहा सेंटिमीटर. अशा तीन पट्ट्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी लांब, म्हणजे जाडी एकदम संपत नाही. तळाच्या प्लायला आणि काठ्यांच्या टोकांनाही हेच. एवढ्या एका सांध्याला मी बाकीच्या बॉक्सइतका वेळ देतो. तिसऱ्या-चौथ्या थरात ६०० ग्रॅमचं विणलेलं रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं कापड) घातलंत तर उत्तम, कोळीवाड्यात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे मॅट-रोव्हिंग-मॅट असंच लावतात. पण रोव्हिंग आतल्या वळणांवर बसायला त्रास देतं, पहिलाच बॉक्स असेल तर नुसती मॅट पुरे.

दोन-दोन थरांत काम करा. मधे एखादा दिवस गेला तर ४० किंवा ६० नंबरने घासून, धूळ काढून, एसीटोनने पुसून मगच पुढचा थर. आवळलेल्या फायबरचा वरचा पापुद्रा हवेमुळे किंचित चिकट राहतो, तो दोष नाही. पण पूर्ण सुकून चकचकीत झालेल्या थरावर तसाच पुढचा चढवलात तर तो नखाने सोलून निघेल.

हे करताना तोंडावर साधा धुळीचा मास्क काही कामाचा नाही. सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो, विशेषतः भोकाशी तोंड नेऊन आत बघताना. घासताना अंगभर बाह्यांचे कपडे. काचेची खाज सुटलीच तर आधी गार पाण्याने अंघोळ, गरम पाण्याने नको. ते कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका, नाहीतर पुढचा बॉक्स बनवायची परवानगी मिळायची नाही.

आता किती लिटर? हा हिशेब आधी करायचा असतो, मी शेवटी सांगतोय कारण फायबरमध्ये तो शेवटी मोजून पुरा होतो. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या नावाने ओळखले जाणारे आकडे वूफरच्या कागदावर असतात. समजा व्हीएएस (वूफरच्या लवचिकतेइतकी हवा) ३० लिटर, क्यूटीएस (कोनची हालचाल किती लवकर शमते ते) ०.४५, एफएस (वूफरची स्वतःची वारंवारता) ३२ हर्ट्झ. बंद बॉक्सला क्यूटीसी (तोच आकडा, पण बॉक्ससकट) ०.७ हवा असेल तर ०.७०७ ला ०.४५ ने भागा, वर्ग करा, एक वजा करा: १.४७. तीसला १.४७ ने भागलं की वीस लिटर, आणि बॉक्सची वारंवारता ५० हर्ट्झच्या जवळ. वूफरचं चुंबक आणि आतल्या काठ्या मिळून लिटर-दोन लिटर खातात, ते वर धरा. कापड ताणल्यावर आणि पुन्हा सगळे थर झाल्यावर आत कोरडे तांदूळ किंवा बीनबॅगचे दाणे मापून भरा. पाच लिटरची बादली घेऊन मोजलंत की झालं. दहा टक्के इकडेतिकडे झालं तर बंद बॉक्सला कानाला कळत नाही. पोर्टवाल्या (हवेसाठी नळी किंवा भोक ठेवलेल्या) बॉक्सला कळतं, म्हणून वाकड्यातिकड्या फायबर बॉक्समध्ये पहिल्यांदा पोर्टच्या भानगडीत पडू नका.

रंगाआधी तपासणी. बोटाच्या सांध्याने सगळीकडे टकटक करा. कोरडा, तोकडा आवाज आला की ठीक, ढबढब आली तिथे खडूने गोल करा आणि आतून अजून दोन थर किंवा एक काठी द्या. मग वूफर बसवून ३० ते १२० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत न्या आणि भिंतीवर तळहात ठेवा. आत काम न करता ढबढब मारायची असेल तर ब्युटिलची (चिकट रबराची) शीट उरल्यासुरल्या कुरकुरीला ठीक, पण तिने ताठपणा वाढत नाही. हवा गळते का हे बघायला वूफर मंद सुरावर हलता ठेवून सांध्यांपाशी पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे थरथरतो तिथे गळती. उदबत्ती म्हटली की आग आली, तेव्हा हे सगळं फायबर पूर्ण सुकून वास गेल्यानंतरच, आठवड्याने.

बसवताना बॉक्स नुसता रेटून ठेवू नका. जोरात ब्रेक लागला तर वूफरसकट दहा-बारा किलोचा ऐवज मागच्या सीटच्या पाठीवर येतो. तळाच्या प्लायमधून गाडीच्या पत्र्याला बोल्ट द्या, पण भोक पाडायच्या आधी खालून बघा, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या तिथेच असतात. मुंबईत बऱ्याच गाड्या सीएनजीवर, तेव्हा हेही सांगतो: सिलिंडरचा वॉल्व्ह, त्याची हवा बाहेर नेणारी नळी आणि तपासणीची पट्टी कायम हाताला आणि डोळ्याला लागली पाहिजे. बॉक्स त्यांना झाकत असेल तर बॉक्सची जागा बदला. सिलिंडरच्या पट्ट्यांना किंवा ब्रॅकेटला बॉक्स बांधू नका.

राहिला तुमचा जुना बॉक्स. तो टाकू नका, पाठ आणि तळ चांगले असणार. वूफर काढा. तड्याच्या रेषेवर ग्राइंडरने व्ही आकाराची खाच घ्या, लांबी संपून कापड दिसेपर्यंत, आणि रिंगभोवतीची दोन इंचांची लांबी पूर्ण उडवा. आतून संपूर्ण पोट ४० नंबरने घासा, कोपऱ्यांत हाताने. आतल्या कोनात मसाला आणि तीन चढत्या पट्ट्या, मग पोटाला मॅटचे चार थर. काठ्या काढून टाकल्या असतील तर दोन नव्या द्या. बाहेरच्या खाचेत आधी काचेचे तंतू मिसळलेला मसाला भरा, लांबी फक्त शेवटचा मिलिमीटरभर. पेंटरला दोन किलो रेझिनऐवजी एक किलो मॅट आणायला सांगा, तो नाक मुरडेल, मुरडू द्या.